रत्नम्माच्या जागी मशीन

वैजनाथ दापकेकर यांना कपडे फार उत्तम धुता येतात ही गोष्ट गोदाई अपार्टमेंटमध्ये कोणालाही ठाऊक नव्हती, आणि ती कोणाला ठाऊक होऊ नये एवढ्यासाठीच त्यांनी पंचवीस वर्षं जुनी वॉशिंग मशीन विकत घेतली. तसे ते नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. पोरं त्यांना सर म्हणतात, अपार्टमेंटमधले लोक सर म्हणतात, आणि खरे सर, म्हणजे प्राध्यापक मंडळी, ‘अहो दापकेकर’ म्हणतात. दिवसाकाठी दोन ठिकाणी सर म्हणणारं कोणी असलं की तिसऱ्या ठिकाणचा अपमान पचतो. पण बाथरूममध्ये पाटावर बसून बायकोचे परकर घासणाऱ्या माणसाला सर कोण म्हणणार, ही त्यांची खरी चिंता होती.

झालं होतं असं, की आषाढाच्या शेवटी दीपमालाबाईंची स्कूटी एका खड्ड्यात गेली आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि वर बजावलं, की दिवाळीपर्यंत पिळायचं-बिळायचं नाव काढू नका. पोळ्या कोपऱ्यावरच्या मावशींकडून यायला लागल्या. भांड्यांना बाई होती. पण ‘कपडे’ हा शब्द ऐकला की तीच बाई पदर खोचून दाराकडे बघायची. शेवटी एका रविवारी सरांनी बाथरूमची कडी आतून लावली, मोबाइलवर मोठ्यानं बातम्या लावल्या आणि बादलीत हात घातला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दीपमालाबाईंच्या लाल ब्लाउजच्या संगतीनं स्वतःचे चार बनियन गुलाबी करून घेतले. मग मात्र त्यांच्यातला प्रयोगशाळेचा माणूस जागा झाला. पाणी किती कोमट, भिजत किती वेळ, कॉलरला साबण आधी की ब्रश आधी, याची त्यांनी निरीक्षणं केली आणि अनुमानं काढली. महिन्याभरात त्यांच्या हातचा शर्ट गच्चीवर वाळत पडला की खालून जाणारा माणूस मान वर करायचा. खरं सांगायचं तर सरांना त्या कामाची गोडीच लागली होती. पण माणसानं गोडी लागल्याचं कबूल करावं अशा ज्या थोड्या गोष्टी असतात, त्यांत परकर बसत नव्हते.

गच्चीवरचे ते कपडे पहिल्यांदा हेरले उज्वलाकाकूंनी. काकू म्हणजे अपार्टमेंटचे सेक्रेटरी शेषेराव यांच्या पत्नी. त्यांनी सरांना जिन्यात गाठलं.

“सर, कोन बाई लावली वो? कपडे लई झाक धुते!”

आता या ठिकाणी सत्यवचनी माणूस काय बोलला असता ते सोडून द्या. सरांच्या तोंडून निघालं, “रत्नम्मा.”

“रत्नम्मा? कुठली?”

“देगलूरकडची हाय. तेलुगूच बोलते. मराठी अजिबात येत न्हाई.”

खोटं बोलणं सोपं, त्याला दाणापाणी घालणं अवघड. रत्नम्मा कधी येते? सगळे कामावर गेल्यावर. दिसत कशी नाही? मागच्या जिन्यानं येते. आमच्याकडं धुईल का? नाही, ती एकच घर धरते, तिचा नियमच आहे. पंधरा दिवसांत रत्नम्माला दोन मुली, एक दारुडा दीर आणि गुडघेदुखी एवढा संसार झाला. काकू लागोपाठ तीन दिवस वॉचमनच्या खुर्चीवर बसून मागच्या जिन्यावर नजर ठेवून होत्या, आणि ते तिन्ही दिवस वैजनाथ सर ओले कपडे ऑफिसच्या बॅगेत घालून गच्चीवर नेत होते.

“अहो, सांगून टाका की,” दीपमालाबाई म्हणायच्या. “चोरी केली का काय तुम्ही?”

“तुला काय जातं? उद्या जिन्यातून उतरलो की लोक म्हणतील, आली बाई.”

तेव्हा एकच मार्ग होता. घरात मशीन आणायची आणि रत्नम्माला सन्मानानं देगलूरला परत पाठवायचं. दीपमालाबाईंचं म्हणणं साधं होतं, की दुकानात जाऊन नवी आणा. पण नवी मशीन कोणीही घेतो. बोट दाखवलं, कार्ड घासलं, झालं. जुनी मशीन पारखून घ्यायला ज्ञान लागतं, आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ते कोणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय हल्लीच्या मशिनी म्हणजे नुसतं प्लास्टिक आणि गाणी. पूर्वीच्या मशिनीत लोखंड असायचं, असं सर अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला आपल्याही काळात लोखंड कमी पडलं असं वाटावं.

कॉलेजातल्या एकाच्या ओळखीनं पत्ता लागला. हदगावजवळ दयानंदराव म्हणून शेतकरी आहेत. त्यांच्या वडिलांनी लेकाच्या लग्नात घेतलेली, वरून झाकण उघडणारी, अस्सल जुनी मशीन त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर पडून आहे. सरांनी देगलूर नाक्याजवळचे चांदपाशा मिस्त्री बरोबर घेतले. उन्हाळ्यात कूलर आणि बाकी वर्षभर मशिनी, असा चांदपाशांचा व्यवसाय. त्यांनी पिशवीत टेस्टर, पक्कड आणि बॅटरी घेतली. सरांनी प्रयोगशाळेतून लोहचुंबक, स्टॉपवॉच, पाणसळ आणि व्हर्निअर कॅलिपर घेतला. कॅलिपरनं नेमकं काय मोजायचं हे ठरलेलं नव्हतं, पण समोरच्यावर वजन पडतं.

दयानंदरावांनी सोयाबीनच्या पोत्यांमागून मशीन पुढं ओढली आणि वरचं बारदान काढलं. सरांचे हात आपोआप जोडले गेले. मशीनच्या कपाळावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. झाकणावर हळद, बटणांवर हळद, पायांपाशी हळद. खंडेनवमीला नांगराची, ट्रॅक्टरची, शिलाई मशीनची पूजा सगळेच करतात, सरही कॉलेजातल्या तराजूला दरवर्षी फूल वाहतात. पण इतकी मनोभावे पूजलेली वॉशिंग मशीन त्यांनी पाहिली नव्हती. ज्या घरानं मशीनला एवढं मानलं, त्या घरानं तिला जपलंही असणारच, असा त्यांनी सिद्धांत मांडला.

“आमचं लई काम केलं बगा हिनं,” दयानंदराव म्हणाले. “आता मोठं यंत्र घेतलंय, म्हनून काढून राहिलो.”

मोठं यंत्र कशाचं, हे सरांनी विचारलं नाही. ते लोहचुंबक लावून बघत होते. चुंबक खटकन चिकटला तसं त्यांनी विजयी मुद्रेनं चांदपाशांकडं पाहिलं. चांदपाशांनी पत्र्याला कान लावला, मोटर हातानं फिरवली, मग टबात आतपर्यंत हात घालून बोटं बाहेर काढली आणि नाकाशी नेली.

“सर, इसमें तो हल्दी है.”

“पूजेची असते ती.”

“पूजा अंदर से भी करते क्या?”

“श्रद्धा असली की आतून-बाहेरून करतात,” सर म्हणाले. चांदपाशा दुसऱ्याच्या श्रद्धेत कधी हात घालत नसत. त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

मशीन छोट्या टेम्पोत चढली. ती कलंडू नये म्हणून सर मागं तिला मिठी मारून बसले आणि तसेच नांदेडपर्यंत आले. वाटेत सिग्नलला कॉलेजातले एक प्राध्यापक मोटारीतून भेटले. त्यांनी काच खाली करून विचारलं, “अहो दापकेकर, बदली झाली का?”

चांदपाशांच्या दुकानात मशीन आठ दिवस होती. पट्टा नवा आला. मोटरचं वाइंडिंग नवं झालं. मूळ टायमर आता कुठंच मिळत नव्हता, म्हणून कूलरचा बसवला. त्यामुळं बटणाभोवती ‘थंड’, ‘अति थंड’ आणि ‘पंप’ अशी तीन स्थानं आली. सरांनी त्यांचा अर्थ साधे कपडे, चादरी आणि पिळणे असा लावून एक तक्ता केला आणि मशीनवर चिकटवला.

“सर, एक बात बोलू?” चांदपाशा शेवटच्या दिवशी म्हणाले. “टब खोल के देखना पडता. बाहर का ड्रम और अंदर का ड्रम, बीच में क्या है मालूम न्हाई. दो दिन और देव.”

“दोन दिवस कुठून आणू? सोळा तारखेला उद्घाटन आहे.”

हे उद्घाटन कुठून उपटलं, तर ते शेषेरावकाकांच्या टेबलातून. काका तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. अपार्टमेंटमध्ये साधा खिळा ठोकायचा तर तीन प्रतींत अर्ज लागायचा. सरांचा अर्ज त्यांनी दोनदा परत केला. एकदा ‘वॉशिंग मशीन’समोर तिचं वय लिहिलं नव्हतं म्हणून, आणि एकदा वय लिहिलं म्हणून. तिसऱ्यांदा शेरा आला, ‘नळाला चौथ्या दिवशी पाणी येते. सबब सदर यंत्र किती पाणी पिते याचा खुलासा करावा.’ सरांनी खुलासा केला. मग विजेचा भार, मग हादरे, मग खालच्या मजल्याची हरकत. खालच्या मजल्यावर काका स्वतःच राहत होते आणि त्यांची हरकत होती.

शेवटी काकांनी सरांना घरी बोलावून चहा पाजला आणि पोटातलं ओठांवर आणलं.

“हे बगा सर, सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. अवंदा आपल्या अकरा गड्यांचे सदरे-पायजमे मी एकाच ताग्यातून शिवून घेतलेत. पांढरेफेक. पन कोरं कापड हाय, खळ निघाल्याबिगर अंगाला लागू देईना. तुमच्या मशीनचं उद्घाटन त्याच कपड्यांनी करा. म्हंजे यंत्र सार्वजनिक हिताचं ठरतंय. ना हरकत मी त्याच दिवशी सही करून देतो.”

सरांची छाती दोन बोटं फुगली. जे कपडे धुताना ते महिनाभर कडी लावून बसले होते, तेच आता नारळ फोडून, चारचौघांत, यंत्रानं धुवायचे होते. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की रत्नम्मा येत्या सोळा तारखेपासून देगलूरला परत चालली आहे. उज्वलाकाकूंना गलबलून आलं. “बिचारी,” त्या म्हणाल्या. “गुडघे लई दुखत व्हते तिचे.”

याच सुमारास लेकीचा हात बघायला लातूरहून कस्तुराबाई, म्हणजे सरांच्या सासूबाई आल्या. लातूरच्या माणसाला पाण्याबद्दल शिकवावं लागत नाही. रेल्वेनं आलेलं पाणी हंड्यानं भरलेली बाई ती. तिच्यासमोर मशीननं पहिल्या चाचणीत सहा बादल्या पाणी घेतलं आणि मोरीत सोडायला काढलं, तेव्हा कस्तुराबाईंनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं.

“जावईबापू, हे सांडून देता का काय? पाप हाय पाप! ड्रम लावा खाली.”

ड्रम लावला. मग पिळायची वेळ आली. सरांनी बटण ‘पंप’वर नेलं, आणि मशीन जागेवर दोनदा थरथरून सरळ बाल्कनीच्या दाराकडं निघाली. सर पुढून आडवे झाले, तर ती त्यांना घेऊन निघाली. वायर ताणून प्लग निसटला तेव्हा कुठं ती उंबऱ्याशी थांबली. पाणसळ लावून पाहिली तर फरशी सपाट होती, त्यामुळं विज्ञानाचा इलाज तिथंच संपला. कस्तुराबाईंनी आत जाऊन दोर आणला आणि मारक्या म्हशीला बांधावं तसं मशीनला खिडकीच्या गजाशी आखडून बांधलं. एवढ्या सुधारणेनंतर मशीन जागेवरच गुरगुरायला लागली. रिकाम्या चाचणीतलं पाणी जरा पिवळसर आलं होतं, पण नळाला चौथ्या दिवशी येणारं पाणी कोणत्याही रंगाचं असतं, म्हणून त्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता सरांच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. शेषेरावकाका, उज्वलाकाकू, तिसऱ्या मजल्यावरच्या पंचशीलाताई, खाली-वरचे सगळे गडी, आणि मशीनची तब्येत बघायला म्हणून मुद्दाम आलेले चांदपाशा. कस्तुराबाईंनी मशीनला हळदीकुंकू वाहिलं. काकांनी नारळ फोडला आणि छोटंसं भाषण केलं, ज्यात निजामापासून यंत्रयुगापर्यंतचा प्रवास आला. बावीस पांढरे कपडे टबात गेले. सरांनी मापानं पावडर टाकली, बटण ‘थंड’वर नेलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. इतकं ताठ ते स्वतःच्या लग्नातही उभे नव्हते.

वीस मिनिटांनी झाकण उघडलं.  पंचशीलाताई दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना वाईट बातमी द्यायची सवय होती. त्या म्हणाल्या, “सर, कपड्यांना कावीळ झाली.”

टबात बावीस पिवळेधमक कपडे होते. शेषेरावकाकांनी एक पायजमा दोन बोटांत धरून वर काढला. त्याच्या नाडीपर्यंत पिवळा रंग पोचला होता.

“पावडर कमी पडली,” काका म्हणाले. “आनखी टाका.”

“आनखी टाका,” उज्वलाकाकूही म्हणाल्या, आणि वाट न बघता त्यांनी आख्खी पुडी ओतली. सर नको नको म्हणेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झाली होती. हळदीला साबण भेटला की काय होतं हे ज्याच्या शर्टावर कधी वरण सांडलं त्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त त्या क्षणी आठवत नाही. दुसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा पिवळं गेलं होतं. आता सगळं विटकरी लाल झालं होतं.

चांदपाशांनी मशीनचा दोर सोडला, तिला आडवी केली आणि जे सरांनी दुकानात करू दिलं नव्हतं ते केलं. बाहेरचा ड्रम सुटला. दोन ड्रमांच्या मध्ये बोटभर जाडीचा हळदीचा थर बसला होता, आणि त्यात चांगली मूठभर हळकुंडं रुतून बसली होती. चांदपाशांनी एक हळकुंड काढून सरांच्या हातावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. भला माणूस.

सरांनी हदगावला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“हाव,” दयानंदराव शांतपणे म्हणाले. “हळदीला पॉलिश करायलाच वापरत व्हतो की. चार सीझन केलं. लई छान चकाकी यायची. आता मोठा ड्रम घेतला, म्हनून तर काढली.”

“अहो, पण आधी सांगायचं न्हाई का?”

“तुमी इचारलं कुठं? तुमी त्ये चिमट्यासारखं घिऊन झाकन मोजून राहिले व्हते.”

फोन बंद झाला. शेषेरावकाका खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. गेली बारा वर्षं ते अपार्टमेंटचा झेंडा लावत होते. त्यांचे वडील रझाकारांच्या काळात तुरुंगात जाऊन आले होते, आणि दरवर्षी या एका सकाळी ते वडिलांसारखा पांढरा सदरा घालायचे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून बाकीच्या दिवशी त्यांच्या तीन प्रती लोक सहन करायचे.

“उद्या मी काय हे लाल घालून उभा राहू?” काका म्हणाले.

“रत्नम्माला बोलवा!” उज्वलाकाकू एकदम उठल्या. “सर, फोन लावा तिला. तिच्या हाताला यश हाय. तिच्या हातून डाग न्हाई राहत.”

“हाव, रत्नम्माला बोलवा,” सगळे म्हणाले.

“गेली ती देगलूरला,” सर म्हणाले.

“मंग मी गाडी पाठवतो,” काका म्हणाले. “पत्ता सांगा.”

सरांनी दीपमालाबाईंकडं पाहिलं. त्या दुखरा हात गळ्यातल्या झोळीत घेऊन दारात उभ्या होत्या. हसू दाबताना त्यांचे डोळे भरले होते, पण त्या काही बोलणार नव्हत्या. महिनाभर त्यांनी नवऱ्याचं खोटं स्वतःच्या आईपासूनसुद्धा सांभाळलं होतं. सरांना आता दोनच वाटा होत्या. सर राहायचं, किंवा काकांचा सदरा पांढरा करायचा. दोन्ही एकदम होणार नव्हतं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून मशीनवर ठेवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

“मामी, तो हळदीच्या पाण्याचा ड्रम सोडून बाकी सगळं पाणी गच्चीवर पाठवा,” ते सासूबाईंना म्हणाले. “काकू, घरात असतील तेवढी लिंबं आणा. आणि कपडे सावलीत ठेवू नका कोणी. हळद फक्त उन्हाला भिते.”

“तुमी कुठं चाललात?” काकूंनी विचारलं.

“धुवायला,” सर म्हणाले, आणि बावीस कपड्यांचं बोचकं खांद्यावर टाकून जिना चढायला लागले. मागचा नव्हे, पुढचा.

भाद्रपदाचं ऊन कपाळ तापवत होतं. गच्चीच्या मध्यावर, टाकीच्या आडोशाला नव्हे, सरांनी पाट मांडला. आधी साध्या पाण्यात सगळे कपडे तीनदा खळबळून साबण काढला. मग लिंबू. लाल पुन्हा पिवळं झालं तेव्हा गच्चीवर जमलेल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली, पण सरांनी मान हलवून पुढचं काम धरलं. एकेक सदरा घेऊन गळ्यापासून घासायला सुरुवात केली. चार बोटं साबण, दोन फेऱ्या ब्रश, मग तळहातानं, मग पिळा उलटा. हात असे चालले होते की पाटालाही ओळखीचे वाटावेत. ओले कपडे उन्हात पसरायचे, पाणी शिंपडायचं, पालटायचे, पुन्हा घासायचे. कस्तुराबाई प्रत्येक बादली वापरून झाली की खालच्या ड्रमात ओतून आणत होत्या आणि एक थेंब सांडला तर ओरडत होत्या.

उज्वलाकाकू बराच वेळ नुसत्या त्या हातांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

“आगं बाई,” त्या म्हणाल्या. “ह्यो कॉलर घासायचा ढंग... रत्नम्मा हीच हाय!”

गच्चीवर हशा उसळला. चांदपाशांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घासणं मात्र त्यांनी थांबवलं नाही, कारण हातातली बाही मध्येच सोडली तर डाग बसला असता.

कस्तुराबाई बादली ठेवून जवळ आल्या. “म्हंजे सहा हप्ते माझ्या लेकीचं धुनं तुमी धुतलंत?”

“हो मामी.”

“लुगडी, परकर, समदं?”

“समदं.”

कस्तुराबाईंनी लोकांकडं वळून बघितलं. “आमच्या ह्यांनी जन्मात सोताचा टावेल पिळला न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझे दोन्ही हात भाजले व्हते त्या साली बी न्हाई. हसून राहिले ते कोन हायत? या हिकडं, बादल्या उचला.” हसणारे गडी बादल्या उचलायला लागले.

दीपमालाबाई हळूहळू जिना चढून वर आल्या आणि सरांशेजारी कठड्यावर बसल्या. डाव्या हातानं त्यांनी सरांच्या कपाळावरचा फेस पुसला. “अहो, मला लई लाज वाटायची,” त्या म्हणाल्या. “तुमची न्हाई. खोटं बोलायची.”  सरांनी पायजम्याची नाडी नीट ताणून दिली.

ऊन उतरेपर्यंत बावीस कपडे दोरीवर होते. दुकानातल्या ताग्यासारखे पांढरेफेक नव्हते, मलई घातलेल्या दुधाच्या रंगाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेरावकाकांनी त्यातलाच सदरा घालून झेंडा लावला आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा तहसिली झाला. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या एकानं विचारलंसुद्धा, की हा खास रंग कुठल्या दुकानात मिळाला. मशीन तोवर चांदपाशांच्या टेम्पोत चढून हदगावच्या वाटेला लागली होती. दयानंदरावांच्या चुलत भावाला हळदीला पॉलिश करायला यंत्र पाहिजेच होतं, आणि कूलरच्या टायमरमुळं ते आता तीन वेगांवर चालत होतं.

झेंडावंदन झाल्यावर काकांनी सर्वांसमोर सरांच्या हातात एक कागद दिला. तीन प्रतींत, शिक्क्यासकट. सरांचाच अर्ज होता. त्यातली ‘वॉशिंग मशीन बसविण्यास’ ही अक्षरं लाल शाईनं खोडून वर नवी लिहिली होती. ‘आपणास आपल्या पत्नीचे व स्वतःचे कपडे गच्चीवर, उजेडी, हाताने धुण्यास सोसायटीची कोणतीही हरकत नाही.’

सरांनी तो कागद दोनदा वाचला. ‘उजेडी’ या शब्दाखाली काकांनी रेघ मारली होती. मग सर घरी गेले आणि कागद घडी घालून कपाटात ठेवणार तेवढ्यात दीपमालाबाईंनी तो हिसकून फ्रिजवर लावला. चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच दारावर टकटक झाली. दार उघडलं तर उज्वलाकाकू उभ्या होत्या, हातात काकांच्या सदऱ्यांनी भरलेली बादली, आणि चेहऱ्यावर मोठा आदर.

“रत्नम्मा सर हायत का घरी?” त्यांनी विचारलं.